वारसा कोणाचा? ‘ओपेथ’ची बदलती संगीतदिशा आणि श्रोत्यांचा वाद

सप्टेंबर २०११ मध्ये ‘ओपेथ’ या स्वीडिश बँडचा ‘हेरिटेज’ हा दहावा अल्बम प्रसिद्ध झाला आणि त्याच्या श्रोतृवर्गात एक वाद सुरू झाला. कधी तीव्र तर कधी मंद होत तो पुढे तेरा वर्षे चालला. वादाचे तात्कालिक कारण सांगायला सोपे आहे. बँडचा गायक, गिटारवादक आणि प्रमुख रचनाकार मिकाएल ओकरफेल्ट याने या अल्बममधून ‘ग्राउल’ पूर्णपणे वगळला होता. ग्राउल म्हणजे घशाच्या तळातून दाबून काढलेला, सुराची उंची जवळजवळ पुसून टाकणारा गुरगुरता आवाज. ‘डेथ मेटल’ या संगीतप्रकाराची ती ओळखखूण मानली जाते. ‘ओपेथ’ने १९९५ पासून हा आवाज आणि मोकळा, सुरेल आवाज एकाच रचनेत शेजारी शेजारी वापरला होता. त्यातला एक आवाज अचानक नाहीसा झाला. त्याबरोबरच गिटारचे जड, विकृत ध्वनीही मागे सरले आणि त्यांची जागा मेलोट्रॉन, बासरी व हॅमंड ऑर्गन यांनी घेतली.

या वादाचे वर्णन बहुधा एकाच साच्यात केले जाते. एका बाजूला आपल्या आवडीला चिकटून बसलेले सनातनी चाहते आणि दुसऱ्या बाजूला मुक्त होऊ पाहणारा कलावंत, असा तो साचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो परिचित असतो, कारण प्रत्येक वाङ्मयीन वळणाच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो. मात्र ‘ओपेथ’च्या बाबतीत तो दोन्ही बाजूंवर अन्याय करतो. नाराज श्रोत्यांच्या म्हणण्यात निव्वळ सवयीचा हट्ट नव्हता, त्यात एक विचार करण्याजोगा सौंदर्यशास्त्रीय आक्षेप होता. तसेच बँडने केलेला बदल ‘पुढे जाणे’ या अर्थाने मुक्ती होता असेही सहज म्हणता येत नाही. संगीतप्रकाराचे नाव, एका कलासाधनाचे रचनेतील कार्य आणि परंपरेवरील हक्क हे तीन प्रश्न या वादात एकमेकांत गुंतलेले होते. ते वेगळे केल्याशिवाय वादाचे मर्म हाती लागत नाही.

बँडची स्थापना १९९० साली स्टॉकहोममध्ये झाली. त्याचे नाव विल्बर स्मिथ यांच्या ‘द सनबर्ड’ या कादंबरीतील ‘ओपेट’ या कल्पित नगरीवरून घेतलेले आहे. त्याच वर्षी त्याच शहरातील ‘एन्टूम्ब्ड’ या बँडचा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम आला आणि स्वीडिश डेथ मेटलला स्वतःचा चेहरा मिळाला. ‘ओपेथ’ या वातावरणात जन्मला, पण त्यात पूर्णपणे सामावला नाही. ‘ऑर्किड’ (१९९५) आणि ‘मॉर्निंगराइझ’ (१९९६) या पहिल्या दोन अल्बममधील रचना दहा मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून लांब आहेत. ‘मॉर्निंगराइझ’मध्ये तर अवघ्या पाच रचना तासाभराहून अधिक काळ चालतात आणि त्यांतील ‘ब्लॅक रोझ इमॉर्टल’ वीस मिनिटांची आहे. ध्रुपद, कडवे, पुन्हा ध्रुपद अशी गाण्याची नेहमीची बांधणी त्यांत नाही. एक प्रसंग संपतो, दुसरा सुरू होतो आणि पहिला क्वचितच परत येतो. अशा रचनांना ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण लागले आणि पुढचा सारा गोंधळ त्या विशेषणाने घातला.

‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचे या क्षेत्रात दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ वृत्तीचा : सतत बदलणे, प्रकाराच्या सीमा ओलांडणे, स्वतःची पुनरावृत्ती टाळणे. दुसरा अर्थ ऐतिहासिक शैलीचा : १९६९ नंतरच्या काही वर्षांत ‘किंग क्रिमझन’, ‘येस’, ‘जेनेसिस’, ‘कॅमल’ यांसारख्या ब्रिटिश बँडनी घडवलेली, लांब रचना, विषम ताल, मेलोट्रॉन आणि बासरी यांनी ओळखली जाणारी शैली. साहित्यातही ‘आधुनिक’ या शब्दाचे असेच झाले आहे. एकेकाळी वृत्ती दर्शवणारा शब्द काही दशकांनी एका कालखंडाची मोहोर होतो, आणि मग ‘आधुनिक’ पद्धतीने लिहिणे म्हणजे जुन्या पद्धतीने लिहिणे ठरू शकते. ‘हेरिटेज’ दुसऱ्या अर्थाने ‘ओपेथ’च्या आधीच्या कोणत्याही अल्बमपेक्षा अधिक ‘प्रोग्रेसिव्ह’ आहे. पहिल्या अर्थाने त्याच्याविषयी शंका घेण्यास जागा आहे, कारण तो चाळीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिविश्वात परत जातो. बँडच्या समर्थकांनी ‘प्रोग्रेसिव्ह बँड बदलणारच’ असे म्हटले तेव्हा ते पहिला अर्थ वापरत होते. विरोधकांनी ‘ही प्रगती नव्हे, ही मागे वळलेली चाल आहे’ असे म्हटले तेव्हा तेही पहिलाच अर्थ वापरत होते. दुसरा अर्थ उघडपणे मांडणारे थोडेच होते. दोन्ही बाजू एकाच शब्दासाठी भांडत होत्या, आणि ज्या अर्थाने अल्बम खरोखर घडला होता तो बाजूलाच राहिला.

विरोधकांचा एक युक्तिवाद मात्र पुराव्यापुढे टिकत नाही. ‘हेरिटेज’मध्ये बँडने स्वतःशी फारकत घेतली, असा तो युक्तिवाद आहे. १९७० च्या दशकातील संगीत ‘ओपेथ’मध्ये २०११ साली आलेले नाही. १९९८ च्या ‘माय आर्म्स, युअर हर्स’ या अल्बमचे शीर्षकच ‘कोमस’ या ब्रिटिश लोकसंगीताधिष्ठित बँडच्या १९७१ मधील एका गाण्याच्या शब्दांतून आलेले आहे. २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा बँडच्या चाहत्यांना सर्वांत प्रिय असलेल्या अल्बमांपैकी एक. त्याचे नाव १९७० च्या दशकातील एका विस्मृत जर्मन प्रोग्रेसिव्ह बँडवरून घेतलेले आहे आणि त्याच्या निर्मितीत स्टीव्हन विल्सन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह संगीतकाराचा हात होता. २००३ च्या ‘डॅम्नेशन’मध्ये तर ग्राउल मुळीच नाही. तो अल्बम मेलोट्रॉनने भरलेला आहे आणि त्यावर कोणी द्रोहाचा आरोप केला नव्हता. याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. ‘डॅम्नेशन’ हा २००२ च्या ‘डिलिव्हरन्स’ या अत्यंत जड अल्बमसोबत ध्वनिमुद्रित झाला होता, आणि काही महिन्यांच्या अंतराने आलेले हे दोन्ही अल्बम श्रोत्यांनी एका जोडीचे दोन भाग म्हणून स्वीकारले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतलेले नाही, एवढी खात्री त्यांना होती. म्हणजे श्रोत्यांना मृदू ‘ओपेथ’ नको होता असे नाही. कठोर ‘ओपेथ’ची हमी त्यासोबत हवी होती.

इथून विरोधकांच्या खऱ्या आक्षेपाकडे जाता येते. ग्राउल हे ‘ओपेथ’च्या रचनेत शैलीचे आभूषण नव्हते, ते कथनाचे साधन होते. १९९९ च्या ‘स्टिल लाइफ’ या कथात्म अल्बममध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. श्रद्धाहीन ठरवून गावाबाहेर घालवलेला एक पुरुष पंधरा वर्षांनी आपल्या प्रेयसीसाठी, मेलिंडासाठी, परततो. ती मारली जाते, तो सूड घेतो आणि अखेरीस त्याला फाशी होते. आता आवाजांची वाटणी पाहावी. ‘बिनायटेड’ आणि ‘फेस ऑफ मेलिंडा’ या निकटतेच्या, आर्जवाच्या दोन रचना पूर्णपणे मोकळ्या आवाजात आहेत. ‘फेस ऑफ मेलिंडा’च्या उत्तरार्धात वाद्ये जड होतात, तरी आवाज तुटत नाही. त्यानंतर लगेच येणाऱ्या ‘सेरेनिटी पेंटेड डेथ’मध्ये मेलिंडाचा मृत्यू आणि सूड आहे, आणि तिथे ग्राउल कोसळतो. आधीच्या रचनेत आवाजाने स्वतःला रोखून धरले म्हणूनच इथल्या कोसळण्याला वजन येते. नायकाची माणसांच्या जगातील वाणी आणि त्या जगाने बाहेर टाकल्यानंतरची वाणी या दोन वेगळ्या वाणी आहेत. एकाच मुखातून निघणाऱ्या या दोन वाण्यांचा ताण हेच त्या अल्बमचे कथानक आहे, असे म्हटले तरी चालेल.

क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त औचित्याला रसयुक्त काव्याचे जीवित म्हटले आहे. अलंकार मुळात चांगला की वाईट हा प्रश्न तिथे गौण आहे. तो त्या स्थानी उचित आहे की नाही हा प्रश्न मुख्य आहे. ग्राउलविषयीची चर्चा या दृष्टीने केली असती तर बरीच धूळ बसली असती. ‘ग्राउल हवा’ आणि ‘ग्राउल नको’ ही दोन्ही विधाने अलंकाराविषयीची आहेत. ‘दोन आवाजांच्या ताणावर उभ्या असलेल्या रचनापद्धतीतून एक आवाज काढल्यावर तो ताण कशाने पेलायचा?’ हा प्रश्न औचित्याचा आहे. नाराज श्रोत्यांपैकी जे विचारी होते त्यांचा प्रश्न हाच होता, मात्र तो नेहमी या शब्दांत मांडला गेला नाही. हानीची जाणीव झालेल्या माणसाला आधी हरवलेल्या वस्तूचे नाव आठवते, तिचे काम नंतर.

‘हेरिटेज’ने या प्रश्नाला दिलेले उत्तर अपुरे आहे. अल्बमची सुरुवात योकिम स्वालबेरीच्या हातच्या एका छोट्या पियानोवादनाने होते. स्वीडिश लोकधुनांना जॅझच्या अंगाने मांडणाऱ्या यान योहान्सन यांच्या १९६४ च्या ‘जॅझ पो स्वेन्स्का’ची आठवण त्यात स्पष्ट आहे आणि ते अतिशय सुंदर आहे. ‘फॅमिन’मध्ये ब्योर्न यायसन लिंद यांची बासरी आणि अ‍ॅलेक्स अकुन्या यांची तालवाद्ये आहेत. ‘स्लिदर’ ही २०१० साली निवर्तलेल्या रॉनी जेम्स डिओ यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. ध्वनिमुद्रण स्टॉकहोममधील जुन्या ‘अ‍ॅटलांटिस’ स्टुडिओत झाले, आणि त्या खोलीचा कोरडा, जवळचा ध्वनी प्रत्येक रचनेत ऐकू येतो. हे सारे प्रेमाने आणि जाणतेपणाने केलेले आहे. परंतु प्रसंगाकडून प्रसंगाकडे जाण्याची जुनी पद्धत तशीच ठेवून तिच्यातला दाब काढून घेतल्यामुळे अनेक ठिकाणी सांधे उघडे पडतात. पूर्वी शांत भागानंतरची स्तब्धता धोक्याची असे, कारण पुढे काय कोसळेल हे ठाऊक असे. इथे स्तब्धतेनंतर दुसरा शांत भाग येतो. ‘पेल कम्युनियन’ (२०१४) या पुढच्या अल्बममध्ये ही उणीव बरीच भरून निघते, कारण तिथे ताणाची जागा अनेक आवाजांच्या स्वरमेळाने घेतली आहे आणि रचना त्या स्वरमेळाभोवती नव्याने बांधल्या आहेत. २०१६ चा ‘सॉर्सरेस’ पुन्हा डळमळतो. या तीन अल्बमांना एकच ‘नवे पर्व’ समजून स्वीकारणारे आणि एकच ‘पतन’ समजून नाकारणारे, दोघांनीही त्यांतील हा फरक पाहिला नाही.

बदलाचा निर्णय ओकरफेल्टने एकट्याने, श्रोत्यांना डावलून घेतला अशी जी प्रतिमा आहे तीही पूर्ण खरी नाही. ‘वॉटरशेड’च्या (२००८) धाटणीच्या दोन रचना त्याने नव्या अल्बमसाठी लिहून काढल्या होत्या. बासवादक मार्टिन मेंडेझ याने त्या ऐकून, अल्बम याच दिशेने गेला तर आपली निराशा होईल असे सांगितले आणि त्या रचना बाद झाल्या. म्हणजे या वादातला पहिला नाराज श्रोता बँडच्या आतच होता, आणि त्याची नाराजी बाहेरच्या श्रोत्यांच्या नेमकी उलट होती. ट्रॅव्हिस स्मिथ याने केलेल्या मुखपृष्ठावर हे सारे जणू चितारलेले आहे. एका झाडाला बँडच्या सदस्यांची मुंडकी फळांसारखी लगडली आहेत. त्यांतील एक, बँड सोडून जाणाऱ्या पेर वीबेरी या की-बोर्डवादकाचे, गळून पडते आहे. मुळांखाली कवट्या आहेत, दूर शहर जळते आहे आणि माणसांची एक रांग झाडाकडे चालत येते आहे. ही माणसे फळे तोडायला येत आहेत की झाडाला पाणी घालायला, हे चित्रात सांगितलेले नाही.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना अशा वादांच्या अभ्यासात हटकून वापरली जाते. नवी कृती प्रस्थापित क्षितिजापासून किती अंतरावर आहे यावरून तिचे कलात्मक मूल्य जोखता येते, आणि कालांतराने क्षितिज सरकून ते अंतर मिटते, असा तिचा ढोबळ आशय आहे. ‘हेरिटेज’ या संकल्पनेपुढे दोन अडचणी उभ्या करतो. पहिली ही की, इथे अंतर निर्माण झाले ते अपूर्वतेमुळे नव्हे. श्रोत्यांना धक्का देणारा प्रत्येक ध्वनी आधीच इतिहासजमा होता. सायमन रेनॉल्ड्स यांचे ‘रेट्रोमेनिया’ हे पुस्तक, लोकप्रिय संगीताला जडलेल्या स्वतःच्याच भूतकाळाच्या व्यसनाविषयी, त्याच २०११ सालचे आहे; हा योगायोग बोलका म्हणावा लागेल. अंतर आणि नावीन्य यांची याउस यांनी घातलेली गाठ इथे सुटते. जुन्याकडे जाऊनही अंतर निर्माण होऊ शकते आणि तेव्हा ते मूल्याचे माप म्हणून वापरता येत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. क्षितिज सरकते असे म्हणताना कृती एकामागून एक येतात आणि मागची मागे पडते, असे गृहीत धरलेले असते. ‘ओपेथ’ने स्वतःच्या इतिहासाचे असे क्रमबद्ध कथन एकदा केलेही होते. एप्रिल २०१० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, स्थापनेला वीस वर्षे झाल्यानिमित्त, बँडने ‘ब्लॅकवॉटर पार्क’ संपूर्ण वाजवला आणि नंतर उरलेल्या अल्बममधून एकेक रचना कालानुक्रमे सादर केली. परंतु ध्वनिमुद्रित संगीताचा श्रोता असा क्रम पाळण्यास बांधलेला नसतो. भारतातील श्रोत्यांचे उदाहरण या बाबतीत उपयोगी आहे. बँड २००९ मध्ये चेन्नईच्या आयआयटीतील ‘सारंग’ महोत्सवात वाजवून गेला तेव्हा ‘हेरिटेज’ अस्तित्वात नव्हता. २०१९ च्या अखेरीस पुण्याच्या ‘एनएच७ वीकेंडर’मध्ये तो आला तेव्हा ग्राउल नसलेले चार अल्बम प्रसिद्ध झालेले होते. या दोन कार्यक्रमांच्या मधल्या दहा वर्षांत ज्यांनी ‘ओपेथ’ ऐकायला घेतला त्यांच्यापुढे ‘मॉर्निंगराइझ’ आणि ‘पेल कम्युनियन’ एकाच वेळी हजर होते. त्यांच्या दृष्टीने ग्राउल ‘गेला’ नव्हता, तो बँडच्या काही रचनांत होता आणि काहींत नव्हता, इतकेच. हानीचा अनुभव घ्यायला आधी वाट पाहिलेली असावी लागते. अपेक्षा हा काळाने घडवलेला अनुभव आहे आणि सर्व श्रोते एकाच काळात राहत नाहीत.

प्रत्यक्ष मैफलीत मात्र सारे एका काळात येतात. २०११ च्या शरद ऋतूत उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात बँडने ग्राउल असलेल्या रचना कार्यक्रमातूनच वगळल्या. घरी बसून ‘हेरिटेज’ बाजूला ठेवता येत होता आणि ‘स्टिल लाइफ’ लावता येत होता. सभागृहात तो पर्याय उरला नाही. अशा वादांत आवाज नेहमी सभागृहातच का चढतो याचे उत्तर इथे आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरमध्ये विद्युत गिटार घेऊन उभ्या असलेल्या बॉब डिलनला प्रेक्षकांतून ‘ज्यूडस’ अशी हाक आली, त्या कार्यक्रमाचा पूर्वार्ध त्याने साध्या गिटारवरच गायला होता, हे पुष्कळदा विसरले जाते. जुने मिळाले होते. हाक आली ती जुन्याच्या शेजारी नवे उभे राहिले म्हणून.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी घराण्यांविषयीचे वाद आठवणे स्वाभाविक आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्याच्या घडणीचा विचार करताना प्रवर्तकाच्या आवाजाच्या जातीला आणि लगावाला फार महत्त्व दिले आहे. स्वर लावण्याची एक विशिष्ट पद्धत हीच गायकीची ओळख होते आणि शिष्य ती आपल्या गळ्यात उतरवतात. डेथ मेटलमधील ग्राउल हा नेमका या अर्थाने आवाजाचा लगाव आहे, आणि तो सोडणे म्हणजे घराणे सोडणे असे श्रोत्यांना वाटले यात नवल नाही. मराठी रसिकांनी कुमार गंधर्वांविषयी जी वादावादी केली तिच्यातही ‘हे चांगले आहे काय?’ आणि ‘हे कोणाचे आहे?’ हे दोन प्रश्न असेच एकमेकांत मिसळलेले होते. तथापि हे साम्य फार ताणणे योग्य होणार नाही. घराण्यात वारशाचे प्रमाणपत्र गुरूकडून मिळते. मेटलमध्ये गुरू नाही, गंडाबंधन नाही. तिथे वारशाचा निवाडा श्रोतेच करतात आणि म्हणून कलावंत व श्रोता यांच्यामध्ये कोणताही मध्यस्थ उरत नाही. शिवाय ओकरफेल्टचा जन्म १९७४ चा. ज्या संगीताला त्याने ‘वारसा’ म्हटले ते त्याच्या तारुण्याचे संगीत नव्हते. ते त्याने जुन्या तबकड्या जमवत, ऐकत मिळवलेले आहे. हा मिळालेला वारसा नव्हे, निवडलेला आहे. श्रोत्यांनी मात्र ‘ब्लॅकवॉटर पार्क’ आपल्या तारुण्यात ऐकला होता. वारसा हा शब्द त्यांच्या तोंडी अधिक शोभला असता, हे मान्य करावे लागते.

याच भूप्रदेशातील आणि याच पिढीतील इतर बँडनीही ग्राउल सोडला होता. स्टॉकहोमच्याच ‘कॅटाटोनिया’ने तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस टाकला. त्यांच्या १९९६ च्या ‘ब्रेव्ह मर्डर डे’ या अल्बममध्ये ग्राउल स्वतः ओकरफेल्टने केला होता, कारण त्यांच्या गायकाला तो झेपेनासा झाला होता. इंग्लंडच्या ‘अनाथेमा’नेही तसेच केले. या दोघांवरून इतका प्रदीर्घ वाद झाला नाही. त्यांच्यात एक आवाज जाऊन दुसरा आला, म्हणजे ते स्थलांतर होते. ‘ओपेथ’मध्ये दोन्ही आवाज आरंभापासून एकत्र नांदत होते आणि एकाला घराबाहेर काढले गेले. शिवाय ओकरफेल्ट ग्राउल करू शकत होता. जुन्या रचना वाजवताना तो पुढे पुन्हा करूही लागला. असमर्थता श्रोते समजून घेतात. समर्थ माणसाचा नकार समजून घेणे त्यांना जड जाते.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या साऱ्या प्रवासातील सर्वांत रोचक कृती २०१९ चा ‘इन काउडा व्हेनेनम’ ही आहे, आणि वादात तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. हा अल्बम आधी स्वीडिशमध्ये लिहिला गेला, नंतर त्याची इंग्रजी आवृत्ती तयार झाली आणि दोन्ही एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. बँडच्या कारकिर्दीत संपूर्ण अल्बम मातृभाषेत येण्याची ही पहिली वेळ. स्वीडिश न जाणणाऱ्या पुष्कळ श्रोत्यांनी, शब्दार्थ कळत नसूनही, स्वीडिश आवृत्तीलाच पसंती दिली. हे वरवर चमत्कारिक वाटते, परंतु ग्राउलच्या संदर्भात पाहिले तर उलगडते. ग्राउलमधील शब्द कानांनी कधीच नीट कळत नव्हते. श्रोता ते अल्बमसोबतच्या कागदावर वाचत असे आणि ऐकताना त्याच्यापर्यंत अर्थाआधी आवाज पोहोचत असे. मोकळ्या आवाजातील इंग्रजीने तो पडदा दूर केला होता आणि त्यामुळे ओकरफेल्टच्या शब्दरचनेतील जुजबीपणाही उघडा पडला होता. स्वीडिशने तो पडदा परत आणला. परक्या श्रोत्यासाठी ही भाषा ग्राउलने सोडलेली जागा काही अंशी भरून काढते : अर्थाला अडवून धरणारी, पण भावाला वाट देणारी. भारतीय श्रोत्यासाठी इंग्रजी हीच दुसरी भाषा असल्यामुळे या पारदर्शक-अपारदर्शकतेच्या पायऱ्या आणखी एकाने वाढतात. इथे भाषांतर हे मूळ कृतीचे दुय्यम रूप राहत नाही. दोन आवृत्त्यांतील संगीत एकच असताना श्रोता ज्यावरून निवड करतो ती गोष्ट म्हणजे उच्चाराचे शरीर, आणि २०११ पासूनच्या वादाचा विषयही तोच होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला आणि त्यात ग्राउल परतला. ‘वॉटरशेड’नंतर सोळा वर्षांनी. अनेकांनी याला वादाचा निकाल मानले. विरोधक जिंकले, बँड घरी आला. प्रत्यक्ष रचना ऐकल्यावर हा निकाल घाईचा वाटतो. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ची ऐसपैस बांधणी इथे नाही. रचना आखूड आणि दाट आहेत, वाद्यवृंद जागोजागी आहे, ‘जेथ्रो टल’च्या इयन अँडरसन यांची बासरी आणि निवेदन आहे. म्हणजे २०११ नंतरचे जवळजवळ सारे इथे शिल्लक आहे. त्यात ग्राउल जुन्या सवयीने पसरलेला नाही, तो नेमून दिलेला आहे. कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील : एका श्रीमंत कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर त्याचे मृत्युपत्र वाचले जाते आणि वारसांपुढे एकेक गुपित उघडे होते. मेलेल्या बापाची हुकूमत गाजवणारी वाणी प्रामुख्याने ग्राउलमधून येते. कबरीतून बोलणाऱ्या, उत्तर ऐकून घेण्याची गरज नसलेल्या माणसाला याहून उचित आवाज देता आला नसता. ‘स्टिल लाइफ’मध्ये जे कार्य होते ते इथे, बदललेल्या रूपात, पुन्हा सापडते. ग्राउल परत आला तो बँडची ओळख म्हणून नव्हे. पात्राची वाणी म्हणून आला. विचारी विरोधकांचा आक्षेप बरोबर होता असे यावरून म्हणता येते, पण त्यांनी मागितलेला उपाय मात्र त्यांना मिळालेला नाही.

रचनांना दिलेली नावेही पाहण्यासारखी आहेत. पहिल्या सात रचनांना शीर्षकेच नाहीत, कायदेशीर दस्तऐवजातील कलमांसारखे चिन्ह आणि अनुक्रमांक आहेत. मृत्युपत्र कलमाकलमाने वाचले जाते, त्यात काहींचे रक्ताचे नाते नाकारले जाते आणि खऱ्या वारसाचे नाव निश्चित होते. आठव्या आणि शेवटच्या रचनेला तेवढे नाव आहे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. ती मृत्युपत्राचा भाग नाही. तिच्यात ग्राउल नाही, मोकळा आवाज आहे, आणि एका पत्रातून त्या वारसाच्याही रक्ताचा दावा संशयास्पद ठरतो.